आर्केन ट्रिकस्टर : तिसऱ्या लेव्हलपासून अकराव्या लेव्हलपर्यंतचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत चोरी आणि जादू एकाच पात्रात आणण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. रोग (Rogue) या चोराच्या क्लासमध्ये, म्हणजे पात्राच्या पेशात, तिसऱ्या लेव्हलला आर्केन ट्रिकस्टर ही शाखा घ्यायची, किंवा चोर आणि विझर्ड (जादूगार) हे दोन क्लास मल्टिक्लास करून मिसळायचे. कोल्हापुरात राजारामपुरीत रविवारी दुपारी जमणाऱ्या आमच्या गटात मी पहिला मार्ग धरला आणि एका मैत्रिणीने दुसरा, त्यामुळे दोन्ही पात्रे एकाच मोहिमेत, एकाच डीएमसमोर (खेळ चालवणाऱ्या सूत्रधारासमोर) शेजारी-शेजारी वाढताना पाहता आली. गेल्या पावसाळ्यात सुरू झालेली ही मोहीम आता अकराव्या लेव्हलपर्यंत आली असून आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळतो. माझे मत आधीच सांगतो : ही शाखा अतिशय समाधान देणारी आहे, मात्र तिच्याकडे अर्धा जादूगार म्हणून पाहणाऱ्याची घोर निराशाच होईल. जादूला जो कुलूप उघडण्याच्या तारेइतके साधे हत्यार मानतो, त्याच्यासाठीच ती आहे.

पात्र बांधताना मी वननोम (रानातल्या बुटक्या नोम वंशाचा) निवडला, कारण त्याला बुद्धिमत्तेत दोन आणि चपळाईत एक गुण जास्त मिळतो आणि मायनर इल्युजन हे कँट्रिपही (कितीही वेळा वापरता येणारी छोटी जादू) जन्मतःच येते. सत्तावीस गुणांच्या वाटपातून चपळाई आणि बुद्धिमत्ता या दोन्ही सोळावर आणता आल्या. भुंगा असे त्याचे नाव. विनामूल्य मिळणाऱ्या मूळ नियमांत चोराची केवळ थीफ ही शाखा दिलेली आहे, त्यामुळे आर्केन ट्रिकस्टर खेळण्यासाठी प्लेयर्स हँडबुक हे नियमांचे मुख्य पुस्तक हाताशी असावे लागते, हे नव्या खेळाडूंनी ध्यानात घ्यावे.

या शाखेचा सगळा जीव तिसऱ्या लेव्हलला मिळणाऱ्या अदृश्य हातात आहे. मेज हँड हे कँट्रिप तसे कोणताही विझर्ड वापरतो; तीस फुटांपर्यंत जाणारा, दहा पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो वजन उचलणारा आणि एक मिनिट टिकणारा तो तरंगता हात असतो. आर्केन ट्रिकस्टरला मात्र तो अदृश्य करता येतो, दुसऱ्याच्या अंगावरच्या थैलीतील वस्तू त्याने काढता येते किंवा थैलीत काही ठेवता येते, आणि चोराची हत्यारे त्याच्याकडे देऊन कुलूप उघडणे व सापळा निकामी करणे ही कामे दुरून उरकता येतात. शिवाय हे सारे मुख्य कृतीखेरीज मिळणाऱ्या छोट्या कृतीत म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये होते आणि यासाठी एकही स्पेल स्लॉट (मोठे मंत्र टाकण्याची मोजकी संधी) खर्च होत नाही. शेवटची ही बाब वाचताना किरकोळ वाटते, परंतु प्रत्यक्ष खेळात सर्वांत मोठी ठरते, कारण दिवसभरात कितीही वेळा वापरता येणारी जादू खेळाडूला धीट करते.

आमच्या डीएमनी मोहिमेतील मुख्य किल्ला पन्हाळ्यावरून बेतला आहे. अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठ्यांपैकी एकीत दस्तऐवज ठेवलेले होते आणि तीन मजली अंधारबावीत पहारेकऱ्यांचा मुक्काम होता. कोठीची किल्ली किल्लेदाराच्या कमरेच्या थैलीत. मेज हँड टाकताना मंत्र उच्चारावा लागतो, ही गोष्ट अनेक खेळाडू विसरतात. आमचे डीएम ती कधीही विसरत नाहीत. त्यामुळे मंत्र बावीच्या खालच्या मजल्यावर म्हणायचा आणि मिनिट संपण्याच्या आत वर येऊन किल्लेदाराला तीस फुटांच्या टप्प्यात आणायचे, असा बेत करावा लागला. नोमचे पाय आखूड, एका फेरीत पंचवीस फूट चाल, त्यामुळे पायऱ्यांचा हिशेब कागदावर मांडला. किल्ली काढल्यावर थैली हलकी लागू नये म्हणून तेवढ्याच वजनाचे खडे आत ठेवले. काढणे आणि ठेवणे ही दोन वेगळी कामे असल्याने हातचलाखीचा फासा दोनदा टाकावा लागला आणि दोन्ही वेळा समोरच्याच्या सावधपणाशी सामना झाला. दुसऱ्या फाशाच्या वेळी टेबलावर कोणी चहालाही हात लावत नव्हते. आता अकराव्या लेव्हलला रिलायबल टॅलेंट मिळाल्यापासून नऊ किंवा त्याहून कमी पडलेला फासा दहा धरला जातो, आणि हातचलाखीत एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य) असल्यामुळे माझी बेरीज तेविसाच्या खाली येतच नाही. चोरीतील धाकधूक त्यामुळे थोडी कमी झाली आहे, हे मान्य करावे लागेल.

स्पेल्सच्या बाबतीत मात्र ही शाखा कंजूष आहे. तिसऱ्या लेव्हलला दोन स्लॉट, सातव्याला दुसऱ्या पातळीचे स्पेल, आणि तिसऱ्या पातळीसाठी थेट तेराव्या लेव्हलची वाट. त्यातही बहुतेक स्पेल इल्युजन (भास) किंवा एन्चँटमेंट (मोहिनी) या दोनच प्रकारांतून घ्यावे लागतात. अकराव्या लेव्हलपर्यंत तिसऱ्याला एक आणि पुढे आठव्याला एक एवढीच मोकळीक. ती पहिली मोकळीक मी फाइंड फॅमिलियर या सोबती प्राणी बोलावणाऱ्या स्पेलवर खर्च केली आणि घुबड बोलावले. घुबड शत्रूजवळून उडत जाऊन मदत करते, प्रतिहल्ला न ओढवता निघून जाते आणि मला दोन फासे टाकून मोठा धरण्याची सवलत म्हणजे अ‍ॅडव्हांटेज मिळवून देते. चोराला स्नीक अटॅकसाठी, म्हणजे संधी साधून जादा इजा करणाऱ्या वारासाठी, नेमके तेच हवे असते. अडचण एवढीच की ते फार लवकर मरते. विझर्ड हा स्पेल विधी म्हणून स्लॉटशिवाय करू शकतो, आर्केन ट्रिकस्टरला ती सोय नाही. प्रत्येक वेळी एक तास, दहा सुवर्णमुद्रांचे साहित्य आणि एक स्लॉट जातो. आमच्या डीएमना घुबडांविषयी विशेष आकस असावा.

डिस्गाइज सेल्फबद्दल एक सूचना. वेश बदलणाऱ्या या स्पेलने उंची जास्तीत जास्त एका फुटाने बदलते, त्यामुळे साडेतीन फुटी नोम उंच पहारेकरी होऊ शकत नाही. भुंगा किल्ल्यात वावरला तो मुदपाकखान्यातील पोऱ्या म्हणून, आणि पोऱ्याकडे कोणी लक्ष देत नसल्यामुळे तेच अधिक सोयीचे पडले.

लढाईत बूमिंग ब्लेड हे कँट्रिप चोराला अगदी शोभते. त्याच एका वारात स्नीक अटॅकही बसतो, नंतर बोनस अ‍ॅक्शनने डिसएंगेज करून, म्हणजे प्रतिहल्ला टाळून, मागे सरायचे, आणि शत्रू पाठलागाला निघाला तर आणखी इजा खातो. कोणत्याही चोराला फेरीत बहुधा एकच वार मिळत असल्याने कँट्रिपमुळे दुसरा वार गमावण्याचा प्रश्न येत नाही. हे कँट्रिप मूळ हँडबुकात नाही, त्यामुळे डीएमची परवानगी आधी घ्यावी.

नवव्या लेव्हलच्या मॅजिकल अँबुशविषयी बराच गाजावाजा ऐकला होता. लपलेल्या अवस्थेत स्पेल टाकल्यास समोरच्याला त्या टर्नमधील सेव्हवर, म्हणजे स्पेल झुगारण्याच्या फाशावर, डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतो. माझा सेव्ह डीसी (समोरच्याला गाठावा लागणारा आकडा) तिसऱ्या लेव्हलला तेरा होता, नवव्याला पंधरा झाला, आणि पूर्ण विझर्डच्या मागे राहिलेली कसर या वैशिष्ट्याने खरोखर भरून निघाली. परंतु फायदा त्याच टर्नपुरता असतो. होल्ड पर्सनने जखडलेला शत्रू स्वतःच्या टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह करतो तेव्हा फासा साधाच पडतो, आणि स्पेल टाकण्यात माझी अ‍ॅक्शन गेलेली असल्याने त्या जखडण्याचा पहिला लाभ सोबत्यांना होतो. आमच्या गटातील फायटरला ही व्यवस्था मनापासून आवडते. स्वतःच्या वाराची हौस असणाऱ्याने मात्र हे गणित आधीच पाहून घ्यावे.

मैत्रिणीच्या पात्रात चोराच्या तीन लेव्हल आणि बाकी सर्व विझर्डच्या आहेत. नियमानुसार चपळाई आणि बुद्धिमत्ता दोन्ही किमान तेरा लागतात, ते तिला जड गेले नाही. जड गेल्या त्या मधल्या लेव्हल. सहाव्या-सातव्या लेव्हलला ती ना धड चोर होती ना धड विझर्ड. आठव्याला फायरबॉल हाती आला आणि चित्र पालटले. आज तिच्याकडे चौथ्या पातळीचे स्पेल आहेत, माझ्याकडे दुसऱ्या. तिचा स्नीक अटॅक दोन फाशांचा, माझा सहा फाशांचा. अनकॅनी डॉज, इव्हेजन आणि रिलायबल टॅलेंट या चोराच्या वरच्या लेव्हलच्या कौशल्यांपैकी तिच्याकडे काहीच नाही, आणि सापळ्याच्या दारापाशी अजूनही भुंग्यालाच पुढे केले जाते. या मिश्रणाची परंपरा तशी जुनी आहे : १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात एल्फला जादूगार आणि चोर एकाच वेळी होता येत असे, मात्र अनुभवाचे गुण दोन्हीकडे विभागले जात. २००३ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये आर्केन ट्रिकस्टर हा प्रेस्टिज क्लास (ठरावीक अटी पूर्ण केल्यावरच घेता येणारा क्लास) होता आणि तिथे पोहोचण्यासाठी तिसऱ्या पातळीचा आर्केन स्पेल येणे आवश्यक होते. मैत्रिणीने भोगलेला मधला दुष्काळ म्हणजे त्या काळचा वारसाच. तरीही आमच्या मोहिमेतील सर्वांत घातक युक्ती दोघांच्या मेळातून निघाली. ती ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी हा अदृश्य करणारा स्पेल भुंग्यावर टाकते, आणि मग मला लपण्याचीही गरज उरत नाही, घुबडाचीही नाही.

खरा त्रास बोनस अ‍ॅक्शनचा आहे. लपणे, डिसएंगेज करणे, धावणे आणि अदृश्य हात हलवणे या सर्वांसाठी एका टर्नला एकच बोनस अ‍ॅक्शन मिळते, त्यामुळे लढाई सुरू असताना हाताचा वापर जवळपास थांबतो. ज्या गटात दर रविवारी केवळ लढाया होतात तिथे या शाखेऐवजी दुसरी एखादी घेतलेली बरी. बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळून टेबलाकडे येणाऱ्यांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी : तो खेळ बाराव्या लेव्हलला संपतो, त्यामुळे तेराव्या लेव्हलचे व्हर्सटाइल ट्रिकस्टर आणि सतराव्या लेव्हलचे स्पेल थीफ तिथे कधी दिसतच नाहीत.

२०२४ च्या नव्या हँडबुकात स्पेलच्या प्रकारांचे बंधन काढून टाकले आहे आणि मेज हँड बोनस अ‍ॅक्शनमध्ये टाकता येतो. नव्याने सुरुवात करणाऱ्या गटाने तेच पुस्तक घ्यावे. आम्ही किल्ल्याची मोहीम संपेपर्यंत जुनेच नियम ठेवणार आहोत. तेराव्या लेव्हलला हाताने शत्रूचे लक्ष वेधून स्वतःच अ‍ॅडव्हांटेज मिळवता येईल, तोवर घुबडांचा खर्च चालूच राहणार.