विंटर टायर घ्यावेत का? ओटावातल्या एका हिवाळ्यानंतर

काल टायर उतरवले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चढवले होते, एप्रिल संपत आल्यावर काढले. मधल्या काळात गाडी ९,४०० किलोमीटर धावली. मुलांची शाळा, माझं ऑफिस, शनिवारी नदीपलीकडे कॅम्प फॉर्च्युनला मुलांच्या स्कीच्या शिकवणीच्या चकरा, आणि ४१६ व ४०१ हे हायवे धरून दोनदा टोरांटो. गाडी टोयोटाची रॅव्ह-फोर, ऑल व्हील ड्राइव्ह. टायर मूळच्याच मापाचे, २२५/६५ आर १७, वेगळ्या स्टीलच्या रिमवर. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. मला बोलायचंय ते या जातीच्या टायरबद्दल.

आधीचे दोन हिवाळे आम्ही ऑल सीझनवर, म्हणजे नेहमीच्या बारमाही टायरवर काढले. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं: चारही चाकांना ताकद जाते, गाडी उंच आहे, मग आणखी दीड हजार डॉलर कशाला घालायचे? मलाही ते पटलं होतं, कारण गाडी खरंच कुठे अडकली नव्हती. शेजाऱ्यांच्या छोट्या गाड्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी चाकं फिरवत बसायच्या आणि आमची सुळकन बाहेर पडायची.

हीच गफलत होती. चार चाकांना ताकद गेली की गाडी निघते छान, पण थांबायला त्याचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवरच असतात. थांबणं शेवटी रबर आणि रस्ता यांच्यात ठरतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत शाळेजवळच्या उतारावर मला हे कळलं. रस्त्यावरचा बर्फ यंत्राने बाजूला ढकललेला, वर फक्त गाड्यांनी दाबून काचेसारखा केलेला पातळ थर. वेग जेमतेम पंचवीस. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची सोय) कडकड वाजलं आणि गाडी स्टॉपची पाटी ओलांडून निवांत पुढे गेली. समोरून कोणी आलं नाही म्हणून निभावलं. मागून धाकटीने विचारलं, "आई, तू थांबायला विसरलीस?"

रबराचं गणित सोपं आहे. साधारण सात अंशांच्या खाली नेहमीचं रबर ताठर व्हायला लागतं, आणि उणे वीसला त्याची रात्रभर उघडी राहिलेली भाकरी होते. विंटर टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. घेताना बाजूच्या भिंतीवर तीन शिखरं आणि आत हिमकण हे चिन्ह बघायचं. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते नक्षीपुरतं. आमच्या ऑल सीझनवरही ते होतंच.

आता आण्णांबद्दल सांगायला हवं. माझे वडील एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, कोल्हापूर डेपोत. गगनबावडा, फोंडा, आंबा हे सगळे घाट पावसात पालथे घातलेले. ते नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी आले आणि आल्या आल्या टायरखरेदीत पडले. त्यांचा पहिला सल्ला: "चार कशाला? दोन चांगले घे आणि पुढं टाक. आमच्यात नवे पुढं, रिमोल्ड मागं." (रिमोल्ड म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले.) पैसे वाचत होते म्हणून मी खरंच तसं विचारलं. दुकानातल्या माणसाने दोन टायर लावायला साफ नकार दिला. पुढचे दोन धरतात, मागचे दोन धरत नाहीत, मग वळणावर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो, असं त्याने टेबलावर हात फिरवून दाखवलं. मी मराठीत सांगितलं तेव्हा आण्णा दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "खरं आहे त्याचं. शेपूट फिरली की बस संपली." चार घेतले.

खर्च असा झाला: टायर २१५ डॉलरचा एक, रिम ८५ चा, चढवणं आणि बॅलन्सिंग मिळून १००. एकूण १,३०० आणि त्यावर १३ टक्के कर, म्हणजे १,४६९ डॉलर. रिम वेगळे घेणं तेव्हा जड वाटलं, पण ते नसतील तर दरवर्षी दोनदा टायर रिमवरून सोलायचा आणि परत चढवायचा. हवेच्या दाबाचे सेन्सर मात्र घेतले नाहीत. कॅनडात ते सक्तीचे नाहीत. त्यामुळे डॅशबोर्डवर पिवळा दिवा पाच महिने पेटलेला होता, नवरा अजून त्याच्यावर कुरकुरतो. ओंटारियोत २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायरची सूट द्यावीच लागते. आम्हाला वर्षाला ९० डॉलरच्या आसपास मिळाली, पण फोन करून मागितल्यावर. आणि हे टायर झिजतात तेव्हा दुसरे चार तळघरात आराम करतात, हे हिशेबात धरलं की दीड हजार वाटतो तेवढा बोचत नाही.

सक्तीबद्दल लोक गोंधळतात. पुलापलीकडे क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने लागतात, पण तिथे नोंदणी झालेल्या गाड्यांना. आमची पाटी ओंटारियोची, आम्हाला कोणी विचारणार नव्हतं. मात्र कॅम्प फॉर्च्युनचा चढ काही पाटी बघून वागत नाही. खिळ्यांचे टायर घ्यावेत का असं एका मैत्रिणीने विचारलं होतं; ओंटारियोत ते फक्त उत्तर भागाला चालतात, ओटावाला नाहीत.

जानेवारीत चांगला बर्फ पडला त्या रविवारी मी आणि शेजारी मोकळ्या पार्किंगमध्ये गेलो. त्याचीही रॅव्ह-फोर, ऑल सीझनवर. दोघांनी तीसच्या वेगाने येऊन एकाच खांबाशी ब्रेक दाबला. मी पार्किंगच्या आखलेल्या साधारण चार खणांच्या रुंदीत थांबले, त्याला सहा खण लागले. तीन-तीनदा केलं, फरक तेवढाच. याला कोणी शास्त्र म्हणू नये, पण दोन खणांच्या रुंदीचं अंतर म्हणजे पाच मीटर, आणि शाळेसमोर पाच मीटर म्हणजे काय हे मला माहीत आहे.

सगळ्यात मोठा फायदा मात्र बर्फ नसलेल्या दिवसांत जाणवला, याची मला अपेक्षा नव्हती. उणे २८ ची कोरडी सकाळ, रस्त्यावर फक्त मीठ. ऑल सीझनवर अशा सकाळी पहिली दहा मिनिटं गाडी लाकडी चाकांवर चालल्यासारखी वाटायची. यंदा ती पहिल्या सिग्नललाच नेहमीसारखी थांबली.

आता खटकलेलं. आवाज आहे. क्वीन्सवे हायवेवर शंभराच्या वेगात खालून सतत घुमण्याचा सूर येतो, आठवड्यात सवय होते. स्टिअरिंग किंचित ढिलं वाटतं. पेट्रोल थोडं जास्त गेलं, पण हिवाळ्यात ते तसंही जातं, त्यातलं टायरचं किती हे मला वेगळं काढता आलं नाही. अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलात लेन बदलताना गाडी अजूनही तरंगल्यासारखी होते. आणि जमिनीला लागताच गोठणाऱ्या पावसापुढे हे टायर हात टेकतात. मार्चमध्ये तसा पाऊस झाला, तेव्हा आमच्याच ड्राइव्हवेवरून गाडी चालण्याच्या वेगाने घसरत बर्फाच्या ढिगात जाऊन टेकली. आण्णा शेजारी बसले होते. म्हणाले, "आता खाली उतर आणि चहा टाक. आज गाडी नाही." त्या दिवशी सगळ्यांनी घरून काम केलं.

एक तक्रार टायरची नाही, चढवणाऱ्याची आहे. या टायरना फिरण्याची दिशा असते, बाजूला बाण कोरलेला असतो. घरी आल्यावर आण्णा सवयीने गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि उकिडवे बसून म्हणाले, "हे मागचं डावं उलटं बसवलंय गं." खरंच बाण मागे होता. गॅरेजवाल्याने रिमवर टायरच उलटा चढवला होता. परत गेलो, त्याने मुकाट्याने बदलून दिला. तुमच्याकडे आण्णा नसतील तर स्वतः चार बाण बघा, दोन मिनिटं लागतात.

हवेचं काम दर रविवारी आण्णांकडे होतं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पौंड हवा कमी भरते. पंधरा अंशांत भरलेली गाडी उणे वीसला सहा पौंडांनी खाली. पिवळा दिवा तसाही निरुपयोगी, त्यामुळे आण्णा कानटोपी घालून गेज घेऊन बाहेर, आणि मग दाराच्या कडेच्या स्टिकरवरचा आकडा गाठेपर्यंत पंप. शेजाऱ्याचीही हवा ते बघायला लागले होते, भाषेवाचून.

घ्यावेत का? ओटावात, गाडीत मुलं असतील तर मी आता विचारत बसणार नाही. इथे हंगामात दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो आणि थंडी महिनोन्‌महिने हलत नाही. माझी नणंद टोरांटोजवळ मिसिसागाला असते, गाडी दिवसाला बारा किलोमीटर, रस्ते दुपारपर्यंत बर्फ जाऊन काळे होतात. तिने ऑल वेदर घेतलेत, ते वर्षभर चालतात आणि त्यांच्यावर हिमकणाचं चिन्हही आहे. तिला माझं अनुकरण करायची गरज नाही. नाव सारखं वाटलं तरी ऑल वेदर आणि ऑल सीझन वेगळे, दुकानात नीट विचारा. जुने विंटर टायर स्वस्तात मिळत असतील तर नक्षीच्या खाचांची खोली मोजा. चार मिलिमीटरच्या आसपास आलेले बर्फात वापरू नयेत असं इथलं वाहतूक खातंच सांगतं. माझे साडेनऊवर सुरू झाले, काल साडेआठ भरले.

एप्रिलमध्ये मात्र वेळेवर काढा. मागच्या आठवड्यात दोन दिवस अठरा अंश होते, तेव्हा वळणावर गाडी गादीवरून चालल्यासारखी वाटत होती, आणि मऊ रबर गरम डांबरावर भराभर झिजतं.

काल मी आणि आण्णांनी घरीच टायर बदलले. जॅक मी लावला, नट १०३ न्यूटन-मीटरवर मीच आवळले, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बघायचेत. आण्णांनी चारही टायर धुऊन, खाचांतले खडे स्क्रू ड्रायव्हरने उकरून तळघरात एकावर एक रचले आणि प्रत्येकावर खडूने लिहिलं: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. पुढच्या हिवाळ्यात पुढचे मागे टाकायचे, पण बाजू बदलायची नाही, बाण आहेत, हे मला तीनदा बजावलं. शुक्रवारी त्यांचं विमान आहे.