एस्टीमचं जी-१३ इंजिन नव्यानं बांधलं: खर्चाची वही आणि घाटातला अनुभव

आधी निकाल सांगतो, मग हिशेब. आमच्या जुन्या मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं जी-१३ इंजिन गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, पूर्ण खोलून नव्यानं बांधलं. तेव्हापासून गाडी रोज शहरात चालते, सुट्टीला जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरते आणि कामासाठी निपाणी-कोल्हापूर करते. खोलण्याआधी डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चाकांवर ६६ हॉर्सपॉवर मिळाली होती, बांधल्यावर ८४. कंपनी सांगते तो ८५ चा आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावरचा असतो. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि टायर आपला वाटा खाऊन उरलेलं चाकांवर दिसतं. दोन्ही आकडे एकाच जागी मोजायचे आणि एकमेकांशीच ताडून बघायचे.

खर्च दीड लाखात बसवायचा ठरवला होता. वहीत शेवटचा आकडा पडला एक लाख ब्याऐंशी हजार. वरचे बत्तीस हजार कशात गेले ते विचाराल, तर एकाही मोठ्या भागात गेले नाहीत. पिस्टन, रिंग, बेअरिंग शेल यांची किंमत आधीच माहीत होती आणि ती वाढली नाही. फुगली ती चिल्लर. गॅस्केट सेट, नवे हेड बोल्ट, ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, इंजिन माउंटिंग, रेडिएटरचे होज, सेन्सरच्या ओ-रिंग. या सगळ्यांची बेरीज चौतीस हजारांवर गेली, आणि ओव्हरसाइज पिस्टन (झिजलेल्या सिलिंडरसाठीचे, जरा मोठ्या मापाचे) रिंगांसकट दहा हजारांच्या आत आले होते. इंजिन खाली उतरवलं की वीस वर्षांचा होज परत चढवायला हात धजत नाही. म्हणून बजेट लिहिताना चिल्लरसाठी स्वतंत्र पान ठेवा आणि एकूण रकमेचा पाचवा हिस्सा तरी हात न लावता बाजूला ठेवा. सुट्या भागांवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ वर आला. आता बांधणाऱ्याला तेवढी सूट आयतीच मिळते.

आता ज्यावरून मित्रांत सगळ्यात जास्त वाद झाला, तो फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या पिस्टनचा मुद्दा. बाहेरून मागवलेला सेट आणि त्यावरची कस्टम ड्युटी धरली तर निम्मं बजेट तिथंच संपत होतं. मी कागद घेऊन बसलो. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५.५ मिलिमीटर. रेडलाइन, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा, मिनिटाला ७००० धरली तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटर येतो. टर्बो लावायचा नाही, नायट्रस तर नाहीच. एवढ्या वेगाला चांगल्या प्रतीचा कास्ट, म्हणजे ओतीव पिस्टन आरामात पुरतो. शिवाय फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला भिंतीपासून जास्त फट ठेवावी लागते आणि सकाळी थंड इंजिनात तो खडखडतो. रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीत तो आवाज कशाला? ज्याला टर्बो बसवायचा आहे त्यानं फोर्ज्डच घ्यावा, तिथं वाद नाही. साध्या इंजिनाला मात्र ते पैसे मशीनिंग आणि ट्यूनिंगकडे वळवावेत, असं माझं ठाम मत आहे.

मशीनिंगच्या बाबतीत आपण बेळगावकर नशीबवान. परदेशी जाणारे क्रँकशाफ्ट इथं घडतात, बिडाच्या फाउंड्र्या इथं आहेत, आणि उद्यमबागेत मायक्रॉनच्या भाषेत बोलणारी जुनी माणसं अजून मशीनवर उभी असतात. आमचे बोरिंगवाले मामा त्यांतलेच. ब्लॉक घेऊन गेलो तर त्यांनी आधी हातात काय आहे ते बघितलं.

"काय ओ, पिस्टन कुठायत?"

म्हटलं, मामा, पार्सल कोल्हापूरहून निघालंय, उद्या येईल, तोवर बोरिंग उरकून घ्या.

"मग ब्लॉक पण उद्याच आणायचा की. पिस्टन बघितल्याबिगर मी मशीन चालू करत नाही. चार पिस्टन म्हणजे चार भाऊ, घर एक असलं तरी मापं वेगळी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही पिस्टन स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भिंतीवर), पिनच्या काटकोनात मायक्रोमीटरनं मोजले, प्रत्येकावर मार्करनं नंबर घातला आणि ज्या पिस्टनला जो सिलिंडर, तो त्याच मापाला उघडला. आधी पॉइंट टू फाइव्ह मिलिमीटर ओव्हरसाइजवर भागेल असं वाटत होतं, पण वरच्या रिंगेजवळ झिजेचा कडा शिल्लक राहत होता, म्हणून पॉइंट फाइव्हवर गेलो. बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ चा साडेचौऱ्याहत्तर झाला आणि १२९८ सीसीचं इंजिन १३१६ सीसीचं. या अठरा सीसीनं ताकद वाढत नाही, कुणी तसं सांगत असेल तर सोडून द्या. हा ओव्हरसाइज कंपनीनंच दुरुस्तीसाठी दिलेला आहे, आणि मूळ ब्लॉक वाचतो हाच त्याचा फायदा.

होनिंगच्या, म्हणजे बोर आतून घासून नेमका गोल करण्याच्या वेळची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत बिडाच्या स्लीव्ह. हेडचे बोल्ट आवळले की स्लीव्ह किंचित पिळते, आणि मोकळ्या ब्लॉकवर गोल केलेला बोर हेड बसल्यावर गोल राहत नाही. त्यावर उपाय म्हणजे हेडच्या जागी जाड प्लेट ठेवून बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळायचे आणि मग होन फिरवायचा. ही प्लेट विकत मागवली तर महाग पडते. ओळखीच्या फाउंड्रीतून बिडाचा जाड ठोकळा आणला, फेस केला, भोकं पाडून घेतली. अशी प्लेट आपल्याकडे जितक्या स्वस्तात होते तितकी पुण्यात किंवा बंगळूरला होईल असं वाटत नाही. रिंगेच्या दोन टोकांतली गॅप ठरवायला साधा हिशेब लावला: बोरच्या दर इंचाला चार थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे आमच्या बोरला साधारण पॉइंट थ्री मिलिमीटर. रिंग बोरमध्ये सरळ बसवून फीलर गेज घालायचा, कमी असेल तर बारीक कानशीनं एकाच बाजूनं घासायचं.

बेअरिंगच्या बाबतीत बाजारात नकली माल आहे हे गृहीत धरूनच चाला. एका दुकानातून नामांकित कंपनीच्या खोक्यात आलेला सेट फट मोजायची प्लास्टिगेजची मेणाची दोरी ठेवून तपासला, तर क्रँकच्या एका जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या भागावर) दोरी पसरून पट्टी झाली होती आणि शेजारच्यावर जेमतेम चेपली होती. जर्नल चारही एकाच मापाचे होते, आम्ही आधी मोजले होते. सेट परत केला, दुसरा अधिकृत डीलरकडून घेतला. प्लास्टिगेजचं पाकीट काही शेकड्यांत मिळतं. क्रँक गेला तर काय होतं ते लिहायला नको. एक बरं आहे, या इंजिनाचे बरेच भाग जिप्सीशी जुळतात आणि जिप्सी २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे अस्सल माल अजून शोधला तर सापडतो.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबायची, ते किती ठेवायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तिथं बेळगावचा भूगोल आडवा येतो. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहोत. इथली हवा खालच्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ, त्यामुळे इथं ट्यून केलेलं इंजिन नॉकिंगच्या (इंधन आपोआप भडकून होणाऱ्या ठकठकीच्या) बाबतीत शहाण्यासारखं वागतं. तीच गाडी चोर्ला उतरून पणजीला गेली की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, वर उकाडा, आणि इथं न दिसलेलं नॉकिंग तिथं चढावर ऐकू येतं. म्हणून दहाचा मोह टाळला. ब्युरेटनं हेडचे चेंबर मोजले, ब्लॉक आणि हेड मिळून साधारण पॉइंट सेव्हन मिलिमीटर फेसिंग केलं, म्हणजे पृष्ठभाग कातून घेतला, आणि ९.६ वर थांबलो. फेसिंग केल्यावर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं, बेल्टवरच्या इंजिनात कॅमचं टायमिंग मागं सरकतं. ते जागेवर आणायला अॅडजस्टेबल पुली लागते. बजेटात ती धरलेली नसेल तर फेसिंगही धरू नका.

पेट्रोल आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलची तक्रार करायची तर शेजारच्या घरांतलीच माणसं अंगावर येतील! आणि ट्यूनिंगच्या दृष्टीनं तक्रार अर्धीच खरी आहे. इथेनॉलनं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद, वाढतो, सरकारी सांगण्यानुसार जुन्या ९१ च्या जागी ९५ पर्यंत. ते आपल्या फायद्याचं. पण साध्या पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं, ई-२० ला ते साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. जुने इंजेक्टर वरच्या आरपीएमला जवळजवळ सतत उघडे राहत होते. मोठे इंजेक्टर घेतले, टाकीपासून रेलपर्यंतचे रबरी होज इथेनॉल सोसणारे टाकले. जुन्या गाडीवाल्यांनी इंजिन बांधायचं नसलं तरी होजचं काम करून घ्यावं.

कॅम सौम्य ग्राइंड करून घेतला. घाटात इंजिन बहुतेक वेळ तीन ते साडेपाच हजारांत फिरतं. रेसचा कॅम साडेपाचच्या पुढं जागा होतो, तोवर कणकुंबीची वळणं संपतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट मात्र पिस्टनवर मऊ माती थापून, इंजिन हातानं फिरवून, माती कापून मोजली. पोर्टिंगमध्ये हेडमधली हवेची भोकं मोठी केली नाहीत, फक्त सीटजवळचे कास्टिंगचे कडे काढले आणि व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापून घेतल्या.

सगळ्यात मोठा आकडा इलेक्ट्रॉनिक्सचा: स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) आणि इंजेक्टर मिळून पंचावन्न हजार, वर डायनो आणि प्रवासाचे पंधरा. मॅनिफोल्डचा दाब मोजून इंधन ठरवणारा ईसीयू घेतला, म्हणजे बेळगाव ते पणजी हवा बदलली तरी तो सांभाळून घेतो. याला पर्याय नाही. जुन्या ईसीयूला नवा कॅम कळत नाही, आणि अंदाजानं चालवलेलं इंजिन एक तर पेट्रोल पितं नाहीतर पिस्टन जाळतं. डायनोची वेळ मिळेपर्यंत थांबायचं, तोवर चार हजारांपुढं जायचं नाही.

आता वापरातलं. पहिल्या आठवड्यात वंटमुरी घाट कामाला आला: चढावर मध्यम जोर, उतारावर गिअरमध्येच पाय सोडून, असं करत रिंगा बसवल्या. सुरुवातीला साधं मिनरल ऑइल होतं, ते लवकर काढून टाकलं. आता एका ऑइल बदलापासून दुसऱ्यापर्यंत डिपस्टिकवर जेमतेम फरक दिसतो. परवा कॉम्प्रेशन मोजलं, चारही सिलिंडर एकमेकांच्या पाच टक्क्यांच्या आत आहेत. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय व्हायला पायजे होतं?"

चोर्लाच्या चढावर पूर्वी जिथं दुसरा टाकावा लागायचा तिथं आता तिसरा ओढतो. रस्त्याची अवस्था बघता सरळ पळवायची संधी फारशी नाहीच, मधल्या आरपीएमची ओढ हाच रोजचा लाभ. मायलेज हायवेला पंधराच्या जागी बारा-साडेबारा मिळतं. त्यातलं थोडं ई-२० चं, बाकी माझ्या पायाचं. एअर फिल्टरची मूळ पेटी तशीच ठेवली आहे. उघडा कोन फिल्टर जांबोटीच्या पावसात काय ओढेल याचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्यात तो बॉनेटखालची गरम हवाच पितो.

मनासारखं न झालेलं म्हणजे फ्लायव्हील. थोडं हलकं केलं आणि बॅलन्स करून घेतलं. खालच्या गिअरला गाडी चटकन उसळते हे खरं, पण एसी लावून गोवावेसच्या गर्दीत सरकताना क्लचवर जास्त खेळावं लागतं. घरच्यांना ते आवडलेलं नाही. हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि एक्झॉस्टनं अठरा हजार घेतले. त्या पैशाच्या मानानं ताकद कमी आणि आवाज जास्त मिळाला. बजेट ताणलं जात असेल तर कात्री पहिल्यांदा इथं लावा.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. दुसरं इंजिन टाकलं की नंबर बदलतो आणि आरटीओत नोंद आली. आपण तर केए-२२ घेऊन दर आठवड्याला महाराष्ट्रात नाहीतर गोव्यात शिरणारे, नाक्यावर कागद दाखवायची वेळ येतेच. मूळ ब्लॉक आणि मूळ नंबर राखण्यामागं माझं हेही कारण होतं. सायलेन्सरचा आवाज आटोक्यात ठेवा आणि विमा कंपनीला कामाची कल्पना देऊन ठेवा.

कुणी बांधणार असेल तर आधी ब्रेक आणि टायर बघून घ्या, ते पैसे या एक लाख ब्याऐंशीत धरलेले नाहीत. गिअरबॉक्सही धरलेला नाही, आणि आमच्या दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद पाडणारी कडी) आता कुरकुरायला लागलाय. थंड असताना दुसरा टाकला की किर्र आवाज येतो. दिवाळीनंतर तो उघडायचा आहे. जिप्सीचा बॉक्स या गाडीला बसत नाही, तेव्हा चांगल्या अवस्थेतला एस्टीमचा गिअरबॉक्स कोल्हापूर, निपाणी, बेळगाव पट्ट्यात कुणाच्या नजरेत असेल तर कळवा.