व्हाइट सॉक्सचं सीझन तिकीट, २०२४: सहा महिने वापरल्यानंतर

शिकागोच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाकडून, पुढच्या वर्षाच्या तिकिटाचे पैसे भरा, असा मेल आला आणि आमच्या चौघांच्या ग्रुपमधून दोघं त्याच संध्याकाळी बाहेर पडले. उरलेल्या दोघांपैकी मी एक. पैसे भरायचे की नाही हे ठरवण्याआधी या वर्षी नेमकं काय मिळालं ते लिहून काढतोय.

४१ विजय आणि १२१ पराभव हा आकडा सगळ्यांना माहीत आहे. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा एका सीझनमधल्या १२० पराभवांचा आधुनिक काळातला विक्रम मोडला, तो या संघाने. व्यवहार असा होता: शिकागोतल्या आम्ही चार मराठी घरांनी मिळून वरच्या मजल्यावरच्या, तिसऱ्या बेसच्या बाजूच्या दोन सीट घेतल्या. घरचे ८१ सामने, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण वीस. जमणार नाहीत ते विकायचे आणि खर्च भरून काढायचा, असा माझा हिशेब होता. पुण्यात वाढलेल्या माणसाला पैसे आधी भरून टाकायला जिवावर येतं, तरी भरले. लेक दहा वर्षांची आहे. हाताने स्कोअर लिहायला ती ग्रंथालयाच्या एका शिबिरात शिकली आणि तिला बेसबॉलचं वेड लागलं.

२८ मार्चचा पहिला सामना डेट्रॉइटकडून १-० असा हरलो. थंडीने बोटं वाकत नव्हती. पण आमचा पिचर (चेंडू टाकणारा) गॅरेट क्रोशे याने सहा इनिंगमध्ये आठ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि सामना सुरू करणारा पिचर म्हणून मेजर लीगमधला त्याचा तो पहिलाच सामना होता. परतताना ट्रेनमध्ये लेक म्हणाली, "बाबा, हा पिचर असेल तेव्हाचीच तिकिटं ठेवू या." सगळ्या वर्षातला सगळ्यात शहाणा सल्ला हाच होता आणि मी तो पुरता ऐकला नाही.

आता २३ मेबद्दल. हे वाचून कोणी म्हणेल की १२१ पराभवांत एवढ्या एकालाच काय धरून बसायचं. पण मला तो सोडवत नाही. बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्धचा सामना होता, ८-६ ने मागे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर (धावताना थांबायच्या जागी) आपली माणसं. आमच्या बेनिन्टेंडीने चेंडू वर उडवला, शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) डोक्यावर. इन्फिल्ड फ्लाय. म्हणजे झेल होवो न होवो, बॅटर बादच. दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू वॉन बेसकडे परत यायला वळला आणि झेल घ्यायला सरसावणाऱ्या त्या शॉर्टस्टॉपच्या, गनर हेंडरसनच्या, वाटेत आला. हेंडरसनने झेल आरामात घेतला. तिसऱ्या बेसच्या पंचाने हात वर करून अडथळा दिला. वॉन तिसरा बाद, म्हणून सामना संपला.

आमच्या सीटवरून सगळं स्पष्ट दिसलं. वॉनची पाठ हेंडरसनकडे होती. त्याने पाहिलंच नाही. लेकीची पेन्सिल शेवटच्या चौकोनावर थांबली. तिने विचारलं, याला काय लिहायचं? मला सांगता आलं नाही. बाजूचे आजोबा, मैदानाजवळच्या ब्रिजपोर्टमधलेच, वर्षानुवर्षं त्याच सीटवर बसणारे, तेही काही बोलले नाहीत. तिने चौकोन रिकामा ठेवून त्याभोवती गोल काढला. वही अजून घरात आहे, गोल तसाच आहे.

क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणाला अडथळा म्हणून बाद द्यायचं तर तो मुद्दाम केलेला असावा लागतो. बेसबॉलच्या नियमात हेतू बघायची गरज नाही, नकळत अडला तरी रनर बाद. नियम म्हणून हे मला समजतं. पण झेल सुटलाच नाही, कोणाचं काही नुकसान झालंच नाही, बॅटर आधीच बाद होता. मग त्या जागी सामना संपवायचा? तो निर्णय न देण्याची मुभा पंचाला होती, असं लीगने संघाला कळवल्याच्या बातम्या नंतर आल्या. त्या कळवण्याचा आम्हाला उपयोग काय? पुढे काय झालं असतं ते कोणी सांगू शकत नाही, कदाचित हरलोच असतो. पण पुढचा बॅटर आत यायला हवा होता. रात्री नेपरव्हिलला घर गाठायला दोन गाड्या बदलून येणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क होता.

तो पराभव सलग १४ हारींमधला दुसरा. मग १० जुलैपासून २१ सलग हारी आल्या. अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक), १९८८ च्या ओरिओल्सचा विक्रम गाठला. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ असं जिंकले तेव्हा इकडे मध्यरात्र होती. लेक झोपली होती, मी उठवलं नाही. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर स्कोअर लिहून ठेवला. दोन दिवसांनी मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) पेद्रो ग्रिफोलला काढलं आणि ग्रेडी साइझमोर हंगामी आला.

हा भाग मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवला होता आणि शेवटी 'पैसे पूर्ण वाया, कोणी घेऊ नका' असं होतं. तेव्हा राग खरा होता. त्यात विकण्याच्या साइटचा वाटा मोठा. एका सामन्याची दोन तिकिटं मी अठरा-अठरा डॉलरला लावली, उतरवत उतरवत चारवर आणली, शेवटी गेली. हातात आले दोन्ही मिळून सव्वापाच, आणि तेही खात्यात यायला पाच आठवडे लागले. तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. जी मंडळी 'नाही गेलो तर विकू' म्हणून तिकिटं घेतात त्यांनी हे वाचून ठेवा: हरणाऱ्या संघाचं तिकीट विकलं जात नाही, जातं तेव्हा तुमच्याच पैशाने जातं.

हरण्यापेक्षा मला जास्त लागलं ते दुसरंच. तिकीट घेताना जो संघ बघितला होता तो ऑगस्टपर्यंत शिल्लक नव्हता. डिलन सीझ सीझन सुरू व्हायच्या आधी सॅन डिएगोला गेला, आणि २५ जुलैला त्या संघाकडून नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देणारा सामना) टाकला. एरिक फेडी आणि टॉमी फॅम सेंट लुइसला. मायकल कोपेक डॉजर्सला. ज्यांच्यासाठी माणूस मैदानात येतो त्यांना एकेक करून विकून पैसे मात्र आमच्याकडून आधीच घेतलेले. संघाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार बेनिन्टेंडीचा, ७.५ कोटी डॉलरचा, तोही पाच वर्षांचा. मोठ्या शहरातल्या संघाने यापुढे जायचंच नाही असं ठरवलं तर तळाला राहणं आलंच. वर ड्राफ्टचा (नवे खेळाडू निवडण्याच्या क्रमाचा) नियम असा की एवढं हरूनही २०२५ चा पहिला नंबर नाही, दहाव्यावर समाधान. मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला सलग दोन वर्षं लॉटरीतला (सोडतीने ठरणारा वरचा) नंबर मिळत नाही आणि या वर्षी पाचवा घेऊन झाला होता. म्हणजे आमच्या हारींचा हिशेब कुठे जमाच झाला नाही.

आणि तरी ऑगस्टमधलं ते वाक्य मी आज खोडलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार, माझ्या वाट्याचा शेवटचा सामना. १२० पराभव झालेले, एक हरले की विक्रम. शाळेची रात्र असूनही लेकीला नेलं. पाहुणा संघ एंजल्स २-० ने पुढे होता आणि लोक एका सुरात ओरडत होते, संघ विका, संघ विका. मालक जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून आहेत, २००५ ची वर्ल्ड सिरीज (अंतिम विजेतेपद) त्यांच्याच काळातली, ८८ वर्षांनी मिळालेली. ओरडणाऱ्यांतले कितीतरी चेहरे तेव्हा लहान असतील. काही लोक विक्रम बघायलाच आले होते, त्यांच्याबद्दलही मला राग आला नाही. आठव्या इनिंगमध्ये तीन धावा झाल्या. ३-२. तेच लोक, त्याच घशाने, उभे राहून ओरडले. बाजूचे आजोबा रडत होते. माझ्या हातातला एलोते, मक्याचे दाणे, चीज, तिखट, लिंबू, सगळा गार झाला होता आणि मला कळलं नव्हतं. (शाकाहारी माणसाला त्या मैदानावर खायचं असेल तर हाच. दोघांत एक पुरतो.) लेक स्कोअर लिहायची विसरली, मग घरी येऊन आठवून आठवून लिहिला.

पुढचे दोन सामनेही जिंकले, ४-३ आणि ७-०. घरच्या मैदानावर तो विक्रम झालाच नाही. २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये ४-१ ने झाला आणि त्याच विजयावर डेट्रॉइटचे टायगर्स प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) गेले.

क्रोशेचा शेवटचा आकडा ६-१२, म्हणजे पिचर म्हणून सहा विजय, बारा पराभव. १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट करणाऱ्या माणसाच्या नावापुढे हा आकडा बघून मला अजून त्रास होतो. उत्तरार्धात त्याला जेमतेम चार इनिंग टाकू देत होते. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, तो असेल की नाही हे सीझन संपला तेव्हा कोणी सांगत नव्हतं.

पूर्ण पैसे भरून वीस सामने मी परत घेणार नाही. उरलेल्या मित्राशी कालच बोललो. सगळं तिकीट सोडून देऊ, आणि पिचर कोण आहे ते बघून आठ-दहा सामने आयत्या वेळी घेऊ, स्वस्तही पडतील. सीट तीच मिळेल तर बघू. आजोबांचा फोन नंबर लेकीने त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला आहे. ते मार्चमध्ये तिथे असणार आहेत.