फ्रान्सची असिन्या की रशियाची केरेन्की: क्रांतीच्या नोटांची सुरुवात कुठून करावी?

क्रांतीच्या काळातल्या कागदी नोटा जमवायच्या आहेत, पण खिसा बेताचा आहे, तर मुंबईत बसून दोन वाटा परवडतात. एक फ्रेंच राज्यक्रांतीची असिन्या, दुसरी १९१७ पासूनच्या क्रांतिकाळातल्या रशियाची. माझं मत आधीच सांगतो: पहिली नोट असिन्या घ्या.

कारण तिचा कागद. चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने केलेला. सव्वादोनशे वर्षं उलटली तरी चांगली नोट अजून खडखडीत लागते. चर्चच्या जप्त जमिनींच्या तारणावर १७८९ मध्ये ही नोट निघाली आणि पुढे बेसुमार छपाईने मातीमोल झाली. १७९६ च्या फेब्रुवारीत छापण्याची साधनं पॅरिसच्या चौकात जाहीरपणे नष्ट करावी लागली. पुष्कळ नोटांवर एक धमकीही छापलेली आहे: बनावट करणाऱ्याला मृत्युदंड, खबर देणाऱ्याला बक्षीस. तरीही नकला झाल्याच, इंग्लंडमध्येसुद्धा झाल्या. त्या काळच्या नकलाही आज लोक जमवतात, म्हणजे बघा! नोटेवरची तारीख मात्र कायद्याची असते, छपाईची नव्हे. सुरुवातीला १७९२-९३ च्या १० सू किंवा ५० सोल (सू आणि सोल एकच, तेव्हाचं फ्रान्सचं सुटं चलन) अशा छोट्या रकमा पाहाव्यात.

रशियाची गंमत वेगळी. १९१७ च्या हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्की, त्याच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या २० आणि ४० रुबलच्या नोटा म्हणजे केरेन्की. त्यांच्यावर नंबर नाही, सही नाही, साल नाही. ७८६ शोधणाऱ्यांनी इकडे फिरकूच नये. न कापलेले तावच्या ताव चलनात यायचे आणि लोक कात्रीने नोटा कापून घ्यायचे. केरेन्स्कीचं सरकार पडल्यावर बोल्शेविकांनीही त्याच छापल्या. १९१७ च्या २५० रुबलवर गरुडामागे चक्क स्वस्तिक आहे. आपल्याकडे ती दाखवली की पहिला प्रश्न त्याचाच येतो. पण बोल्शेविकांचं लाल सरकार, त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या सेनानींपैकी कोल्चाकचा सायबेरिया, देनिकिनचा दक्षिण भाग, या सगळ्यांच्या नोटा, शिवाय शहरांच्या वेगळ्या नोटा: हा अल्बम कधीच पुरा होत नाही. तो नाद असेल तरच या वाटेला जा.

पावसाळ्यात रशियन कागदाला जास्त जपावं लागतं. पीव्हीसीची पाकिटं दोन्हींना वाईट. लॅमिनेशन तर मुळीच नको.

फोर्टातला डीलर असो वा प्रदर्शनातलं टेबल, असिन्या उजेडाला धरून वॉटरमार्क पाहा, शाईविना उठवलेला शिक्का असेल तर तिरप्या उजेडात तोही तपासा. पाकिटातून नोट काढू देत नसतील, तर पुढच्या टेबलाकडे वळा.