सीडी४ टेस्ट आणि काउन्सेलिंग: रिपोर्ट उशिरा आला, पण समजावलं एक नंबर

भावाची सीडी४ टेस्ट (एचआयव्हीमध्ये रक्तातल्या सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी मोजतात ती) ज्या लॅबमध्ये केली तिथला हा रिव्ह्यू. एचआयव्हीचं नाव काढलं की लोकांचा सूरच बदलतो, इथे कुणाचाच बदलला नाही, त्याचे मार्क आधीच देऊन टाकते.

सीबीसीमध्ये (रक्तातल्या पेशींची नेहमीची मोजणी) पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या होत्या म्हणून घरचे म्हणत होते की आता ही टेस्ट कशाला. काउन्सेलर ताईंनी कागद पुढे ओढला आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीचा वेगळा गोल काढून दाखवला. एकूण आकडा नॉर्मल दिसला तरी आतल्या सीडी४ पेशी कमी झालेल्या असू शकतात, आणि त्या म्हणजे मुकादम, बाकीच्यांना कामाला लावणाऱ्या. व्हायरस नेमका त्यांनाच चिकटतो, आत शिरतो आणि स्वतःचा कोड त्यांच्या डीएनएमध्ये घुसवतो. मग त्या पेशी मरतात, शिवाय आजूबाजूच्या ज्यांच्यात इन्फेक्शन पूर्ण झालेलंसुद्धा नसतं त्याही मरतात, हे मला अजिबात माहीत नव्हतं! आणि उरलेल्याही धड राहत नाहीत, बी पेशी भरमसाट अँटीबॉडी बनवतात पण त्यातल्या बऱ्याच कामाच्या नसतात, इन्फेक्शन झालेल्या पेशींना मारणाऱ्या सीडी८ लढून लढून थकतात, मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशी) तर व्हायरस लपूनच बसतो. म्हणून तर टीबीसारखे आजार लगेच गाठतात.

टेक्निशियनही नीट होता, सीडी४चं सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं हे त्याने न विचारता सांगितलं.

तक्रार रिपोर्टबद्दल. उशिरा आला, फोन कुणी उचलेना आणि वर मोठ्या अक्षरात फक्त आकडा. साधारण ५०० ते १५०० नॉर्मल धरतात आणि २०० च्या खाली धोका, एवढं छापलंय, पण हा आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो, साध्या सर्दी-तापातही खाली येतो, हे कुठेच नाही. सीडी४ची टक्केवारी कोपऱ्यात बारीक अक्षरात. एकटा माणूस असा रिपोर्ट उघडून वाचेल तर हादरेल ना! एक ओळ वाढवा प्लीज.

इथे जाणार असाल तर काउन्सेलिंगची वेळ आधीच मागून घ्या आणि आधीचे रिपोर्ट, व्हायरल लोडसकट (रक्तात व्हायरस किती आहे ते), सोबत न्या, ताई सगळे शेजारी-शेजारी मांडून बघतात. आकडा २०० च्या खाली असेल तर एआरटीसोबत (एचआयव्हीची औषधं) इन्फेक्शन टाळायची गोळी लागेल का हेही डॉक्टरांना विचारा.