जंताचं औषध मागितलं, त्यांनी मोजायची टेप हातात दिली

बाजारतळामागच्या गल्लीतलं जनावरांचं मेडिकल. पाटीवर मालकाच्या देवाचं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. पाचपैकी चार तारे देते. एक तारा का कापला ते पुढे येईलच, आधी चार कशाचे ते सांगते.

आमच्या धाराशिव-बार्शी पट्ट्यात घरटी एक-दोन शेळ्या असतात, त्याही बहुतेक काळ्या उस्मानाबादी. दुखलंखुपलं की माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "शेळीला जंताचं द्या." दुकानदार बाटली देतो. झाकणानं मापून पाजायची, जगली तर जगली. या दुकानात तसं होत नाही.

मी गेले ती शेजारणीच्या शेळीसाठी. ते घर ऊसतोडीला गेलेलं. मागे राहिली एकटी सासू, तिला धड दिसत नाही. ती शेळीला रानात कुठे फिरवणार? हौदापाशी खुंटी ठोकून दिली होती, शेळी दिवसरात्र तिथेच. म्हातारीचा दोष काढावा असं मला वाटत नाही, तिचं स्वतःचं जेवण दुसऱ्यांच्या घरून येत होतं. पण शेळीची दशा बघवत नव्हती. बरगड्या मोजून घ्याव्यात आणि पोट मात्र सुटलेलं. केस राठ, उभे राहिलेले, कानामागे उवा. खुरं वाढून मोजडीच्या टोकासारखी वर वळलेली, त्यामुळे पुढचे पाय टेकवायलाही जड जात होतं. संध्याकाळी जबड्याखाली लिंबाएवढी सूज यायची आणि सकाळी उतरलेली असायची. म्हातारीला विचारून मी शेळी आमच्या गोठ्यात आणली.

दुकानाचे मालक, म्हणजे काका, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती किलोची आहे?"

"वाळून गेलीय हो काका, वजन काय सांगू?"

"मग मी औषध काय सांगू? कमी पडलं तर जंत मरत नाहीत, त्या औषधाला सरावतात. जास्त झालं तर शेळी जाते."

आणि शिंप्याची टेप काढून दिली. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून मागे ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की किलोत अंदाजे वजन येतं. आमचं आलं घेर 24, लांबी 26. मी फोनवर आकडे सांगितले, काकांनी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला: 22.7 किलो. एवढ्या लांबीची उस्मानाबादी शेळी तिशीच्या आसपास भरायला हवी. काट्याइतकं अचूक नसेल, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं. टेप परत घेतली नाही, "राहू दे ताई, पुढच्या महिन्यात परत मोजा" म्हणाले.

मग एकेक प्रश्न. गाभण आहे का? कारण अल्बेंडॅझोल हे जंताचं औषध गाभणपणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटातल्या पिल्लात व्यंग येऊ शकतं. शेवटचं औषध कधी पाजलं? खालची पापणी ओढल्यावर आत रंग कसा दिसतो? मी फोटो दाखवला. पांढरीफटक होती. जबड्याखालच्या सुजेचं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "बांधत होते कुठे?"

हौदापाशी म्हटल्यावर सगळं जुळलं. हौद गळका, भोवती बारा महिने ओल आणि गुडघाभर हिरवं गवत. रक्त पिणारा जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहतो. त्याची अंडी लेंड्यांतून खाली पडतात, ओल मिळाली की अळ्या निघतात, गवताच्या बुडाकडच्या पात्यावर चढतात आणि तीच शेळी तेच गवत खाते. त्यामुळे पावसाळा संपला तरी तिचा पावसाळा संपलाच नव्हता. असा एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त ओढतो. ऐकायला काहीच नाही, पण पोटात हजार असले की रोजचे 50 मिलिलिटर झाले. रक्ताबरोबर प्रथिनं जातात, मग पाणी अंगात धरून राहत नाही आणि दिवसभर मान खाली असल्यानं जबड्याखाली उतरतं. ती सूज म्हणजे घशाचा आजार समजून आमच्याकडे डाग देतात. खरं तर तो पोटातला आजार असतो.

एवढं सगळं समजावून काकांनी औषध दिलंच नाही. ताज्या लेंड्या स्वच्छ पिशवीत घालून सरकारी दवाखान्यात न्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या, चिठ्ठी आणा, मग देतो. त्यांच्या काचेवर 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलेला आहे. ज्यांना जनावर हलवता येत नाही त्यांना ते आधी तिकडे फोन करायला लावतात. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार आमच्या बाजारात मी दुसरा पाहिलेला नाही.

लेंड्यांत गोल जंतांची अंडी भरपूर निघाली. डॉक्टरांनी वजन विचारलं आणि मला आकडा सांगता आला. औषधाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण लोक नाव वाचून बाटली आणतात आणि वजन विसरतात. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावी: काही जंतनाशकं शेळीच्या अंगातून मेंढीपेक्षा लवकर निघून जातात. बाटलीवर मेंढीचा डोस छापलेला असला तर तो शेळीला पुरेलच असं नाही. किती द्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

चिठ्ठी घेऊन गेल्यावर काय विकलं आणि काय नाही, ते बघण्यासारखं आहे. मी काउंटरवरची लिव्हर टॉनिकची चकचकीत बाटली मागितली होती. काकांनी ती मागे सरकवली. "टॉनिकनं रक्त वाढत नाही ताई, चाऱ्यानं वाढतं." दिलं ते असं: जंताचं औषध, सुईशिवायची पाजायची पिचकारी, क्षार मिश्रणाचा पुडा, टांगायची चाटण वीट, खुरं कापायची कात्री आणि उवांचं औषध. उवांच्या औषधाबरोबर सांगितलं की अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत, दोन आठवड्यांनी परत लावायचं. पाजताना शेळीचं तोंड फार वर उचलायचं नाही, पिचकारी गालाच्या कडेनं घालायची आणि गिळायला वेळ द्यायचा, नाहीतर औषध फुप्फुसात जातं. हे त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं.

चाऱ्याचं बोलणं सगळ्यात जास्त चाललं, आणि त्यात त्यांना एक रुपया सुटत नव्हता. उपाशी शेळी दिसली की आपण मायेपोटी ज्वारीची पाटी पुढे ठेवतो. ते करू नका म्हणाले. सवय नसताना दाणा एकदम पोटात गेला की आत आंबतो आणि शेळी एका रात्रीत आडवी होते. आधी तुरीचं भुसकट, शेवरी, सुबाभळीचा पाला, बाभळीच्या शेंगा. दाणा मूठभरापासून सुरू करून सावकाश वाढवायचा. चारा उंचावर टांगायचा, म्हणजे लेंड्यांशी संबंध नाही. दव असताना चरायला सोडायचं नाही. शेळी मुळात पाला ओरबाडून खाणारं जनावर, तिला खाली मान घालून एकाच जागचं गवत खायला लावलं की हे जंत तिच्या पाचवीला पुजतात. सुबाभूळ मी आमच्या बांधावरची आणत होते, पण तीच तेवढी घालू नका, इतर पाल्यात मिसळा, हेही त्यांनीच सांगितलं.

शेळी सावरली. आधी जबड्याखालची सूज यायची थांबली, मग लेंड्या सुट्या पडू लागल्या. पापणीला गुलाबी रंग यायला मात्र बराच वेळ गेला, रक्त काही एका बाटलीनं तयार होत नाही. खुरं एकदम न कापता थोडी थोडी घेतली. पाय धुऊन ओले केले की कात्री सोपी चालते. आता छातीचा घेर 27 इंच आहे, म्हणजे 28.7 किलो. आमच्या दारातला शेवग्याचा खालचा सगळा पाला तिनं संपवलाय, याबद्दल घरात माझ्याशी कुणी नीट बोलत नाही. शेजारीण परत आल्यावर तिनंच शेळी आमच्याकडे अर्धलीनं ठेवली, म्हणजे सांभाळ माझा आणि पिल्लं निम्मी निम्मी.

आता कापलेला तारा.

भिंतीवर पापणीचा रंग ताडून बघायचा पाच रंगांचा तक्ता लावलाय. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत निघाली, फामाचा म्हणतात तिला. लाल ते पांढरा असे पाच रंग, आणि ती याच रक्त पिणाऱ्या जंतासाठी उपयोगी पडते. पण काकांकडे त्या तक्त्याची रंगीत झेरॉक्स आहे आणि दुपारचं ऊन थेट तिच्यावर येतं. लाल रंग केव्हाच उडालाय. त्या तक्त्याशी ताडलं तर मरायला टेकलेली शेळीसुद्धा ठणठणीत ठरेल. मी बोलले, ते हसले, तक्ता तिथेच आहे. मूळ कार्ड मागवा किंवा तो कागद काढून टाका.

दुसरं, महागाची औषधं ते मोठ्या बाटलीतून छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतून देतात. गरिबाला लिटरची बाटली परवडत नाही हे खरं. पण त्या छोट्या बाटलीवर ना नाव, ना मुदत, ना डोस. एवढा काटेकोर माणूस इथे ढिला कसा पडतो कळत नाही. मी स्केचपेननं लिहायला लावलं, तुम्हीही लावा. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, तेही मागा.

तिसरं म्हणजे दुपारी काका जेवायला गेले की मुलगा बसतो. तो विनम्र आहे, पण मोबाइलमधून मान वर न काढता मागाल ते देतो, टॉनिकसुद्धा. माझ्या चार ताऱ्यांतला एकही त्याचा नाही.

लस इथे मागू नका. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) किंवा आंत्रविषाराची लस थंडाव्यात ठेवावी लागते, आणि आमच्याकडच्या विजेचा भरवसा नाही म्हणून काका ती ठेवतच नाहीत, सरळ सरकारी दवाखान्यात पाठवतात. हा मी गुणच धरते. आंत्रविषाराची पावसाळ्याच्या आधी टोचून घ्या.

भाव बाजारापेक्षा कमी नाहीत. खुरांची कात्री दुसरीकडे थोडी स्वस्त मिळेल, पण धार इथलीच चांगली.

बाजाराच्या दिवशी गेलात तर काकांशी बोलणं होणार नाही, काउंटरवर चार थर माणसं असतात. इतर दिवशी सकाळी दुकान उघडताना जा. शेळीचं वजन, वय, गाभण असेल तर किती महिने आणि पापणीचा उजेडातला फोटो बरोबर ठेवा. फोन पे चालतं. गल्लीत चारचाकी शिरत नाही, बाजारतळावर लावून चालत या.