आधी ॲझ्टेक की आधी इंका?

युरोपीय येण्याआधी अमेरिका खंडांत ही दोन राज्ये, आजच्या मेक्सिकोतले ॲझ्टेक आणि दक्षिण अमेरिकेतले इंका, कशी वर आली हे समजून घ्यायचे असेल, तर आधी कुठली बाजू धरावी? मी इंकांपासून सुरुवात केली आणि दोन महिन्यांनी ॲझ्टेकांकडे वळलो.

पसाऱ्यात इंका सरसच. आजच्या पेरूमधल्या कुझको खोऱ्यातली छोटी सत्ता आजच्या दक्षिण कोलंबियापासून मध्य चिलीपर्यंत पोचते. तीस हजार किलोमीटरहून अधिक रस्ते, वाटेवर धान्याची कोठारे, आणि कर नाण्यांत नाही, वेठीत. तिला ते 'मिता' म्हणत. राज्य चालते कसे, याची ओढ असेल तर इंकाच घ्या.

मला अडवले ते सालांनी. इंकांकडे आपल्या ओळखीची लिपी नव्हती. गाठी मारलेल्या दोऱ्यांतले, म्हणजे किपूंमधले आकडे बरेचसे वाचता येतात, हकिगती अजून नाहीत. ज्याच्यापासून राज्याचा विस्तार सुरू झाला असे मानतात तो राजा पाचाकुती गादीवर आला ते साल म्हणून बहुतेक ठिकाणी १४३८ छापलेले असते. मीही वहीत पेनाने लिहिले. मग कळले, की त्याचा आधार कॅबेयो बाल्बोआ या स्पॅनिश बखरकाराची १५८६ची बखर आहे आणि रेडिओकार्बन चाचण्यांवरून विस्तार त्याआधीच सुरू झालेला दिसतो. वहीतली अख्खी रांग खोडली आणि उत्साहच गेला. तुम्हाला कदाचित इतके खुपणार नाही.

ॲझ्टेकांचेही सगळे पक्के नाही. सरोवरातल्या बेटावर त्यांची राजधानी तेनोच्तित्लान वसली ते साल, १३२५, परंपरेतूनच आलेले. पण १४२८ला पायाखाली जमीन लागते. तेनोच्तित्लानचा राजा इत्झकोआत्ल आणि शेजारच्या टेक्सकोको शहराचा नेसावालकोयोत्ल मिळून तोवर वरचढ असलेल्या आस्कापोत्साल्को शहराची सत्ता मोडतात, त्लाकोपान हे तिसरे शहर सोबत येते आणि तिघांची युती उभी राहते. पुढे कुठल्या मुलखाने किती वस्त्रे, किती पिसे, किती कोको द्यायचा याच्या चित्रमय खंडणी-याद्या आहेत. त्या मी एकेक ओळ लावत तासन् तास पाहिल्या आहेत. शिवाय स्पॅनिश विजयानंतर साहागुन या पाद्र्याने नाहुआ, म्हणजे ॲझ्टेकांची भाषा बोलणाऱ्या, वडीलधाऱ्यांकडून त्यांच्याच भाषेत लिहवून घेतलेले बारा खंड आहेत. इत्झकोआत्लच्या काळात जुन्या चित्रपोथ्या जाळल्या गेल्या, हेही त्यांतच नोंदलेले आहे. स्वतःच्या राजाबद्दलची एवढी अवघड गोष्ट त्यांनी सांगितली, आणि तिथेच माझा विश्वास बसला.

नावे जिभेला जड जातात, हे खरे. पण मोठ्याने वाचलीत तर आठवड्याभरात बसतात.